परतीचा कोन

जानेवारीतली गोष्ट. गावी हरभऱ्याला पाणी देणं सुरू होतं आणि त्या आठवड्यात आमच्या फिडरची लाइन, म्हणजे शेतीची वीज, रात्रीची होती. म्हणजे जेवून दोन तास डोळा लावायचा, अकराच्या सुमाराला उठायचं, डोक्याला मफलर गुंडाळायचा आणि शेतात जायचं. बाबा सत्तरीला आले तरी हे काम कुणाला सोपवत नाहीत. गड्याच्या हाती पाणी दिलं की गडी झोपतो आणि हरभरा पोहतो, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री निघताना त्यांनी खुंटीवरची टॉर्च घेतली, बटण दाबलं आणि अंगणात काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मांडीवर दोनदा आपटली. मग मला म्हणाले, "पाह्य वं बाई, बॅटरीची बॅटरी गेली." आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आतल्या बॅटरीलाही बॅटरीच, त्यामुळे हे वाक्य आमच्या गावी अगदी व्याकरणशुद्ध आहे. ते माझा मोबाइल घेऊन गेले. मोबाइलचा उजेड झोत टाकत नाही, पिठासारखा पुढ्यात सांडतो. धुऱ्यावर रोही, म्हणजे नीलगायी, उभे असले तर ते दिसायच्या आत अंगावर येतील, असं मनात आलं, पण बोलले नाही. फाटकाची कडी वाजली आणि मी ती मेलेली टॉर्च घेऊन स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसले.

मी चाकणला एका कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंची डिझाइनं करते. एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे दीडशे रुपयांच्या टॉर्चपुढं बसताना मला कसली शंका नव्हती. चार स्क्रू दिसत होते, चारही कोपऱ्यांत, चांगले ठसठशीत. शिलाई मशीनच्या खणातला पेचकस आणला, पहिल्या स्क्रूच्या खाचेत टेकवला आणि तो घसरला. परत टेकवला, परत घसरला. मग चष्मा लावून पाहिलं. स्क्रू प्लास्टिकचे होते. म्हणजे स्क्रू नव्हतेच, स्क्रूचा आकार होता. साच्यातूनच आलेला, वर चंदेरी रंगाचा ठिपका दिलेला. वस्तू मजबूत वाटावी म्हणून. मला हसू आलं आणि लगेच ते गेलं, कारण ही युक्ती मला माहीत असायला हवी होती. मग नखानं सांधा शोधला. सुरीचं टोक घालून पिळलं. प्लास्टिक आधी पांढरं पडलं, सुकलेल्या ओठासारखं, मग 'कट्' झालं आणि एक तुकडा उडून तुरीच्या डाळीच्या डब्यात गेला. टॉर्च उघडली नाही. फक्त तिला एक दात पडला.

पहाटे बाबा आले. पायाला काळी माती गुडघ्यापर्यंत, अंगाला ओल्या हरभऱ्याचा तो आंबट वास. टॉर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "राहू दे. दीडशे रुपयाची वस्तू. बाजारात दुसरी घेऊन घेऊ."

ते बोलले ते अगदी सहज. मला मात्र ते लागलं, आणि का लागलं हे समजायला मला दोन दिवस गेले.

आमच्या घरी पूर्वी तीन सेलची टॉर्च होती. पत्र्याची, वर उभ्या रेघा कोरलेली, निकेल उडून पितळ दिसायला लागलेली. तिचं बूड फिरवून काढायचं, स्प्रिंग उसळून बाहेर यायची, सेल एकामागून एक हातात घसरायचे. पुढचं तोंड फिरवलं की काच, आरसा, बल्ब, सगळं सुटं. आणि बुडाच्या झाकणात, स्प्रिंगच्या पोटात, एक जादा बल्ब ठेवायची जागा होती. ही गोष्ट मला आता फार मोठी वाटते. ज्यानं ती टॉर्च बनवली त्याला माहीत होतं की बल्ब कधीतरी उडणार, तो रात्रीच उडणार, आणि तेव्हा माणूस दुकानाजवळ नसणार. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, शेतात, थंडीत, न पाहता ती उघडायचे. अंधारात, नुसत्या बोटांनी. सेल पुढंमागं करायचे, स्प्रिंग ताणायची, बूड परत बसवायचं, आणि गोठ्याच्या ओट्यावरून आम्हाला दिसायचं की लांब धुऱ्यावर विझलेला उजेड परत लागला. आजी म्हणायची, "लागली बाप्पा," आणि कूस बदलायची.

उगाच जुनं ते सोनं असं नाही. त्या टॉर्चमध्ये पावसाळ्यात पाणी शिरायचं. सेल आतल्या आत फुटून पांढरी-हिरवी भुकटी व्हायची, बूड जाम व्हायचं, मग ते उघडायला रॉकेलात बुडवून ठेवावं लागे. उतरलेले सेल आम्ही टिनावर उन्हात वाळत घालायचो, त्यात पुन्हा जीव येतो म्हणून, थोडा यायचाही. अगदीच मेलेले सेल दगडानं फोडायचो. आत काळी भुकटी आणि मधोमध कोळशाची कांडी. त्या कांडीनं शाळेच्या भिंतीवर लिहिता यायचं. भुकटी मात्र हाताला, तोंडाला, विहिरीच्या काठाला लागायची आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. बाबांची चार्जिंगची टॉर्च पावसात बिनधास्त चालते, महिन्याला सेलचा खर्च नाही, आणि तिचा झोत दोन वावरं ओलांडून जातो. ते तिच्यावर खूश आहेत. होते.

पण उघडणं ही गोष्ट आमच्या घरात एकेकाळी रोजची होती. वखराची पास झिजली की काढायची आणि खात्याकडं, म्हणजे लोहाराकडं, न्यायची. तिफणीचे दाते, फण, वरचं चाडं, बांबूच्या नळ्या, सगळं पेरणी झाल्यावर सुटं करून आढ्याला टांगलेलं असायचं. मृगाच्या आधी खाली उतरायचं आणि परत जुळायचं. ते जुळायचं पाचरीनं. लाकडात लाकूड घालायचं आणि फटीत पाचर ठोकायची. एका बाजूनं ठोकली की घट्ट, दुसऱ्या बाजूनं ठोकली की सैल. भाषेनं पाचरीवर मोठा अन्याय केला आहे असं मला वाटतं. 'पाचर मारली' म्हणजे काम अडवलं! खरं तर पाचर मारल्यावरच काम चालू होतं, आणि काम संपलं की ती तेवढ्याच मुकाट्यानं निघते. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाला तर खिळासुद्धा नसायचा. मधल्या तुंब्यात आरे, आऱ्यांवर गोलाईचे लाकडी पुठ्ठे, आणि त्या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. ती चढवायचा दिवस आम्हा पोरांसाठी सणच. गोवऱ्यांच्या गोल रिंगणात धाव लाल व्हायची, चौघं चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायचे, लाकूड चरचरायचं, जळक्या बाभळीचा धूर डोळ्यांत जायचा, आणि मग पाणी. धाव आकसायची आणि चाकाचे सगळे सांधे एकदम 'कर्र' करून बसायचे. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की ती सैल होई. मग खाती तिला उतरवून, बोटभर कापून, परत जोडून परत चढवी. तुटलेला आरा तेवढा वाढई, म्हणजे सुतार, बदलायचा. बंडी जुनी व्हायचीच नाही, तिचे तुकडे जुने व्हायचे.

तान्ह्या पोळ्याचा माझा लाकडी बैलही तसाच होता. आबाजींसाठी त्यांच्या वडिलांनी करून घेतलेला, सागाचा, एक शिंग तुटका. त्याची चाकं तीन पिढ्यांत तीनदा बदलली. माझ्या वेळी वाढयानं चाकाबाहेरची लाकडी खुंटी नुसती हातानं ओढून काढली, नवं चाक घातलं, खुंटी परत दाबली आणि मला म्हणाला, "घे वं माय, आता तुह्या लेकरापर्यंत बिनघोर." माझी मुलगी पुण्यात वाढली. बैल गावी कोनाड्यात आहे. चाकं अजून फिरतात.

आणि दावं. दाव्याच्या गाठीवरून मी आबाजींचा एकुलता एक फटका खाल्ला आहे. आठ-नऊ वर्षांची असेन. गोऱ्ह्याला खुंट्याला बांधलं आणि मोठ्या हौसेनं तीन वेढे देऊन निरगाठ मारली. रात्री गोऱ्हा दाव्यात पाय अडकून पडला. गाठ सुटेना. विळा सापडेपर्यंत त्याचे डोळे पांढरे झाले होते. वाचला. सकाळी आबाजींनी मला गोठ्यात नेलं, पाठीत एक दिला आणि मग माझ्या मागं बसून, माझ्या हातांवर हात ठेवून सुरगाठ शिकवली. कितीही हिसका बसला तरी धरून ठेवते, आणि मोकळं टोक ओढलं की आपोआप सुटते. "बांधाचं तं कोनालेई येते," म्हणाले. पुढचं बोललेच नाहीत. त्यांना वाक्य अर्धं सोडायची सवय होती.

यवतमाळला पॉलिटेक्निक करून मी पुण्याला गेले तेव्हा मला वाटलं होतं की गाठी, पाचरी, खुंट्या हे सगळं मागं राहिलं. कारखान्यात दुसऱ्याच आठवड्यात पाचर पुन्हा भेटली. प्लास्टिकच्या दोन भागांना एकमेकांत अडकवणाऱ्या आकड्याला आम्ही साधं 'लॉक' म्हणतो. रिमोटच्या मागचं झाकण उघडताना जे टक् करतं ते. त्या आकड्याला दोन उतार असतात. एक चढतीचा: तो पंचवीस-तीस अंशांचा ठेवला की झाकण अंगठ्यानं दाबताच सरकत जातं आणि बसतं. दुसरा परतीचा. तो ४५ अंशांच्या आसपास ठेवला तर जरा जोर लावून ओढलं की झाकण बाहेर येतं. ९० ठेवला, म्हणजे सरळ भिंतच उभी केली, तर येत नाही. ओढा, पिळा, तापवा, ते तुटेल पण सुटणार नाही. बाहेरून दोन्ही वस्तू हुबेहूब सारख्या दिसतात. साच्याचा खर्चही जवळपास तेवढाच. ड्रॉइंगवर एका आकड्याचा फरक, आणि त्याला आम्ही म्हणतो परतीचा कोन.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतंत्र काम मिळालं: डास मारायची चार्जिंगची बॅट. मी मोठ्या भक्तिभावानं चार स्क्रूचं ड्रॉइंग केलं. स्क्रू प्लास्टिकमध्ये पुन्हा पुन्हा फिरवले की आटे जातात, म्हणून आत पितळेचे छोटे इन्सर्ट, म्हणजे आटे पाडलेल्या नळ्या, दिले. बॅटरी उतरली की कुणीही उघडून बदलावी. साहेबांनी ड्रॉइंग पाहिलं. वाईट माणूस नव्हता. जेवताना माझ्या डब्यातली ज्वारीची भाकर मागून खायचा. त्यानं शांतपणे हिशेब मांडला. चार स्क्रू, चार इन्सर्ट, ते तापवून बसवणारं मशीन, स्क्रू पिळणारी बाई, तिचा वेळ. "आणि सर्व्हिस कोण करणार आहे याची? एवढ्याशा बॅटला कोण दुकानात नेतं?" खरंच होतं. मी संध्याकाळी बसले, स्क्रू काढले, आठ लॉक टाकले. परतीचा कोन ४५ लिहिला होता. साहेबांनी ९० करायला सांगितलं, कारण ४५वर पोरं उघडतील, आत हात घालतील, करंट लागेल आणि नाव आपलं खराब होईल. हेही खरंच होतं. त्या बॅटच्या जाळीवर उच्च दाब असतो, कंडेन्सरमध्ये तो थोडा वेळ राहतो. ती कुणी सहज उघडू नये याला अर्थ आहे. पण बॅटरीपुरतं वेगळं छोटं झाकण देता आलं असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं आणि मी बोलले नाही? आता नक्की आठवत नाही, आणि हे न आठवणं मला सोयीचं आहे याची मला कल्पना आहे.

त्या डिझाइनचं कौतुक झालं. एकही स्क्रू नाही! पगार वाढला. त्या वाढीतून बाबांच्या विहिरीवर नवी मोटर बसली, जिच्या पाण्यासाठी ते रात्री अकराला टॉर्च शोधतात.

शनिवारी गावातून दारव्ह्याला जाणारी काळीपिवळी जीप मिळाली. टॉर्च पिशवीत घेतली. आई म्हणाली, "दीडशाच्या वस्तूपायी चाळीस रुपये भाडं?" तिचा हिशेब साहेबांच्या हिशेबापेक्षा पक्का असतो. दुरुस्तीचं दुकान म्हणजे पानठेल्याला लागून एक टेबल, वर ताडपत्री, टेबलाच्या काचेखाली जुन्या मोबाइलचे बोर्ड लाखेसारखे चिकटवलेले. सोल्डरचा धूर आणि शेजारच्या आलूबोंड्यांचा वास एकमेकांत मिसळलेला. पोरगा पंचविशीचा असेल. टॉर्च हातात घेऊन त्यानं नुसती कानाशी हलवली. "ताई, हे खोलाची वस्तू नोहे. फोडाची हाय." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून, समजूत घातल्यासारखं, "फोडतो नं मी. बराबर फोडतो."

त्यानं खरंच बरोबर फोडली. आरीपातं सांध्यावर ठेवलं आणि टरबुजाची फोड काढावी तसं गोल फिरवत नेलं, आत वायरीला धक्का न लावता. दहा मिनिटं. पांढरा भुगा टेबलावर पडला. आत फार काही नव्हतंच: साबणाच्या छोट्या वडीएवढी चार व्होल्टची बॅटरी, पोट फुगलेली, दोन वायरी, एक बोर्ड, बटण. आणि कडेला लॉक. सहा. मी चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं. स्वच्छ काम होतं, कुठं पातळ पापुद्रा नाही, कोपरे सारखे. परतीची भिंत सरळ उभी. माझ्या हातचं नव्हतं, पण हस्ताक्षर ओळखीचं होतं.

"हे बनवनाऱ्याले समजत नसन का हो," मी म्हणून गेले, आमच्याच बोलीत, "की बॅटरी उतरनार म्हनून?" तो हसला. "समजते नं. पन ताई, स्क्रूची असती तं तुम्ही इथं आल्या असत्या का? घरीच केली असती. अशा फोडू फोडू तं माह्यं पोट चालते." याला काय उत्तर द्यायचं? मला वाटत होतं की मी त्याच्या बाजूनं बोलते आहे.

मोबाइलचं तो जास्त रागानं बोलला. पूर्वी नखानं मागचं झाकण निघायचं, बॅटरी बाहेर, सिम बाहेर, पाण्यात पडला तर तांदळात ठेवून द्या. आता मागची काच डिंकानं चिकटवलेली. तापवायची, पातळ पट्टी घालत घालत सोडवायची, आणि शंभरातल्या काही हातातच तडकतात. मग गिऱ्हाईक म्हणतं तूच फोडली. मी त्याला सांगितलं की युरोपात कायदा झाला आहे, २०२३ साली. १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथं हातातल्या वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला साध्या हत्यारानं काढता आणि बदलता आली पाहिजे, काही अपवाद सोडले तर. फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांच्यावर दहापैकी गुण छापायला सुरुवात झाली, किती सहज दुरुस्त होतं याचे. आपल्याकडेही केंद्रानं जुलै २०२२मध्ये समिती नेमली, 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं आणि गाड्या हे चार विभाग धरले. "शेतीची अवजारं?" त्यानं मान वर केली. "मंग बॅटरी शेतीचं अवजार हाय का नाई?" मी म्हटलं, बाबांना विचार. सोल्डरिंगचा लोखंडी दांडा त्यानं ओल्या स्पंजवर टेकवला, चर्र झालं, आणि तो विषय तिथंच राहिला.

खरं तर आमच्या विदर्भात याची चर्चा फार आधी झालेली आहे. सेवाग्रामला शाळेची सहल गेली होती तेव्हा आम्हाला बापूंची काठी, चपला, फोन ठेवायची पेटी दाखवली. बरोबर वर्ध्याचं मगन संग्रहालयही झालं, १९३८ साली उघडलेलं. तिथलं मला फक्त एवढं आठवतं की एक कंदील होता, मगनदीप, जो घासलेटऐवजी गोड्या तेलावर जळायचा, आणि आमच्या बाईंनी त्याला 'गोडा कंदील' म्हटलं म्हणून आम्ही खूप हसलो. चरखा संघाच्या बक्षिसाबद्दल मी पुष्कळ नंतर वाचलं. १९२९ साली गांधीजींच्या पुढाकारानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्या काळचे एक लाख! यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वेळेवर निगा राखली तर वीस वर्षं चालायला हवं. आणि एक अट अशी की लागेल ती दुरुस्ती, जिथं ते यंत्र चालतंय तिथंच करता आली पाहिजे. म्हणजे खेड्यात, झोपडीत. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मी ती अट दोन-तीनदा वाचली, डिझाइनच्या माणसानं वाचावी तशी, आणि मनात आलेला पहिला विचार सांगायला हरकत नाही: साहेबांनी ही अट वाचली असती तर म्हणाले असते, दीडशे रुपयांत? शक्य नाही. बाबांच्या टॉर्चचीही किंमत नेमकी दीडशेच. नव्वदहून अधिक वर्षांत रुपयाचं काय झालं ते बाजूला ठेवू.

पोरगा नवी बॅटरी बसवत होता आणि परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून टॉर्चचा कापलेला वरचा भाग घेऊन भंगारच्या वाड्यात गेले. मला तिथं जायची सवय आहे. पुण्यातही जाते, आपण काढलेली ड्रॉइंगं शेवटी कुठं पडतात ते पाहायला. पत्र्याच्या कुंपणाआड प्लास्टिकचे ढीग: खुर्च्या, पाइप, फवारणीच्या पंपांच्या टाक्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आणि त्या सगळ्यावर तो उग्र, घशाला लागणारा वास, जो सप्टेंबरात आख्ख्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, येतो. म्हातारे चाचा गोणपाटावर बसून निवड करत होते. प्लास्टिक वाकवून पाहायचं, नखानं ओरखडायचं, नाहीच कळलं तर कोपरा पेटवून धुराचा वास घ्यायचा. दुसरीकडं पाण्याची टाकी. तरंगलं ते एका ढिगात, बुडालं ते दुसऱ्या. आम्ही वस्तूच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत प्लास्टिकची जात कोरतो, पीपी की एबीएस की आणखी काही, मोठ्या शिस्तीनं. मी चाचांना ती अक्षरं दाखवली. ते म्हणाले, "चश्मा नहीं है बेटा," आणि तुकडा पाण्यात टाकला. बुडाला. एबीएस. बरोबर होतं.

त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली, जी कारखान्यात कुणी शिकवली नव्हती. टॉर्चच्या मुठीवर मऊ काळं रबर होतं, हाताला बरं वाटावं म्हणून प्लास्टिकवरच ओतलेलं. ते सुटत नाही. त्यामुळे तो तुकडा ना धड प्लास्टिकच्या भावात जातो ना रबराच्या. मग मी, मला वाटतं थोडं स्वतःला बरं वाटावं म्हणून, पितळेच्या इन्सर्टबद्दल विचारलं. स्क्रूची वस्तू असली तर तुम्हाला सोपं जात असेल ना? त्यांनी कपाळाला हात लावला. ते पितळ प्लास्टिकमध्ये रुतलेलं असतं. दळायच्या मशीनमध्ये एक जरी गेलं तर पात्याचा दात उडतो. ते काढायला पोऱ्याला हातोडी घेऊन बसवावं लागतं. शेजारी उभ्या मदतनिसानं आमच्या भाषेत पूर्ती केली: "पितळ पाह्यजे तं पितळ द्या, प्लास्टिक पाह्यजे तं प्लास्टिक द्या. भेळ कायले करता?"

म्हणजे माझं ते पहिलं, भक्तिभावानं केलेलं ड्रॉइंग, ज्याची मी इतकी वर्षं हुरहुर बाळगली, तेही दुरुस्त करणाऱ्याच्या सोयीचं होतं, दळणाऱ्याच्या नव्हे. दोघांची सोय वेगळी असते. आठ लॉकची, इन्सर्ट नसलेली बॅट चाचांना उलट बरी. हातोडीचा एक घाव घालायचा, आतलं काढायचं आणि बाकी सगळं एकाच जातीचं. फक्त आत लिथियमचा सेल निघाला आणि घाव त्याच्यावर बसला तर भडका उडतो. पोऱ्याच्या मनगटावर तसा एक डाग होता. त्यानं तो घड्याळ दाखवावं तसा दाखवला.

दोघांचीही सोय साधलेली वस्तू मला त्या वाड्यात एकच दिसली, आणि ती कुणी पुण्य म्हणून केलेली नव्हती. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या. त्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या, बाकीच्या ढिगांपेक्षा मानानं. कवच बहुतेक पीपीचं, आत शिसं आणि आम्ल. कारखान्यात आम्ल वेगळं काढून तिचा चुरा करून पाण्यात टाकतात. शिसं तळाला जातं, प्लास्टिक वर तरंगतं, निसर्गच निवड करून देतो. आणि शिशाला भाव आहे, म्हणून जुनी दिल्याशिवाय दुकानदार नवीवर सूट देत नाही. तेच शिसं कुणी घरामागं चुलीवर वितळवलं तर पोरांच्या रक्तात जातं, हेही त्याच भावापायी. टॉर्चमधल्या फुगलेल्या चार व्होल्टच्या बॅटरीतही तेच शिसं होतं, चिमूटभर. मी ती पिशवीतून काढून त्या मानाच्या ढिगावर ठेवली. चाचांनी वजन केलं नाही. चहा पाजला.

घरी येऊन टॉर्च बंद करायचा प्रश्न उभा राहिला, कारण फोडलेली वस्तू पुन्हा मिटत नाही. दुकानातल्या पोरानं तात्पुरता दोरा गुंडाळून दिला होता. मी गोठ्याच्या आढ्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, दोन्ही फाका जुळवल्या, पट्टी ताणून चार वेढे दिले आणि घट्ट बांधून टाकली. दिसायला टॉर्च डोकं फुटलेल्या पैलवानासारखी दिसत होती. बाबांनी बटण दाबलं. भिंतीवर तो जुना, टोकदार झोत पडला, पाल पळाली. "लागली," म्हणाले. मग उलटसुलट करून पाहिलं आणि पहिली अडचण तीच काढली जी मी काढली असती: "आता पान्यात नाई चालनार हे." नाही चालणार. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी चढवावी लागेल.

रात्री लाइन साडेअकराला आली. ते गेले. मी ओट्यावर बसले. झोप येत नव्हती आणि पुण्याला जायचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. थंडी पायातून वर चढत होती. लांब आमच्या वावरात उजेडाचा ठिपका सरकत होता, थांबत होता, वाकत होता. पाण्याचा दंड फोडताना तो जमिनीलगत येई आणि मग पुन्हा कमरेच्या उंचीवर. मध्येच तो गेला. मला आधी वाटलं पऱ्हाटीच्या आड गेला असेल. मग उभी राहिले. कुत्रं भुंकलं, दुसऱ्या वाडीवरून दुसऱ्यानं उत्तर दिलं. मी चप्पल शोधायला लागले तेवढ्यात उजेड परत लागला, होता तिथंच, आणि सरकायला लागला.

सकाळी टॉर्च खुंटीवर होती. ट्यूबच्या पट्टीवर मी मारलेली गाठ नव्हती. तिथं सुरगाठ होती, मोकळं टोक वीतभर बाहेर सोडलेलं.